पहिल्या नजरेचा निवाडा

(एलूल महिन्यात, शब्बाथ संपल्यावर हव्दालानंतर आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर.)



पहाटेच्या सेलिहोत सुरू आहेत. थोड्याच दिवसांत रोश हशाना येईल. आपल्या आजीच्या तोंडी ज्याचे नाव ‘नव्याचा सण’ होते, तोच हा सण. मी रब्बी नाही, पंडितही नाही. माझे आयुष्य कारखान्यात गेले. तरीही समितीने मला चार शब्द बोलावयास सांगितले, म्हणून त्या दिवशी आपण जी हफ्तारा ऐकणार आहोत, तिच्यातील एका छोट्या प्रसंगावर आज बोलावे असे मी ठरविले आहे.

प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. शिलो येथे वार्षिक यात्रा भरली आहे. एलकानाची पत्नी हन्ना निपुत्रिक आहे. सवत तिला टोचून बोलते. जेवणखाण आटोपल्यावर हन्ना उठते आणि देवाच्या मंदिराशी येऊन रडत रडत प्रार्थना करू लागते. तिचे ओठ हलतात, परंतु आवाज ऐकू येत नाही. दाराच्या खांबाजवळ आपल्या आसनावर वृद्ध कोहेन एली बसलेला आहे. तो तिच्या तोंडाकडे पाहतो आणि क्षणात निवाडा करतो की ही बाई प्यायलेली आहे. तो तिला खडसावतो. द्राक्षारसाची धुंदी आता उतरव, अशा अर्थाचे शब्द तो तिला ऐकवतो.

जरा विचार करा, एली कोणी दुष्ट मनुष्य होता काय? मुळीच नाही. तो इस्राएलचा न्याय करणारा, अनुभवी, मंदिराच्या पावित्र्याची काळजी वाहणारा मनुष्य होता. दिवस यात्रेचा, वेळ जेवणानंतरची. मेजवानीनंतर झिंगलेले लोक त्याने पूर्वी पाहिले असतीलच. त्या काळी मनातल्या मनात, नुसते ओठ हलवून प्रार्थना करण्याची रीत त्याच्या डोळ्यांस परिचित नसावी. म्हणजे त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. तो केवळ चुकीचा होता.

पहिल्या ग्रहाची गंमत आणि धोका दोन्ही येथेच आहेत. तो बहुधा तर्कशुद्ध वाटतो. आपल्या मराठीत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ती खरी ठरते, कारण भांड्यातील सारी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे तसे नसते. त्याचा एक क्षण दुःखात शिजलेला असतो, दुसरा घाईत, तिसरा भीतीत. आपल्या हाती जे शीत लागते, ते कोणत्या क्षणाचे हे आपल्याला कळत नाही.

मनुष्याच्या या सवयीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत आपल्याच समाजाचे एक नाव ठळकपणे येते. सॉलोमन ॲश यांचा जन्म १९०७ साली वॉर्सा येथील एका यहुदी कुटुंबात झाला आणि लहानपणीच ते अमेरिकेत गेले. १९४६ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाचे वर्णन म्हणून त्यांनी काही लोकांना सहा शब्द वाचून दाखविले: बुद्धिमान, उद्योगी, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द उलट क्रमाने ऐकविले. मत्सरी प्रथम आणि बुद्धिमान शेवटी. शब्द तेच, माणूस तोच. तरीही पहिल्या गटाला तो कर्तबगार, काही दोष असलेला मनुष्य वाटला. दुसऱ्या गटाच्या मनात त्याचे चित्र पुष्कळच वाईट उमटले. त्याचे दोषच त्यांच्या डोळ्यांपुढे राहिले आणि गुण त्यांच्याखाली दबले.

कारण असे की, पहिला शब्द नंतरच्या शब्दांना आपला रंग देतो. चांगल्या माणसाचा हट्ट आपण निश्चय म्हणतो, नावडत्या माणसाच्या निश्चयाला आपण हट्ट म्हणतो.

वाईट ग्रह हा चांगल्या ग्रहापेक्षा अधिक चिवट का असतो, याचेही एक साधे कारण आहे. ज्याच्याविषयी आपले मत चांगले होते, त्याच्या आपण जवळ जातो. मत चुकीचे असेल तर सहवासाने ते सुधारते. शमुवेल नबीचेच पाहा. बेथलेहेमात इशायच्या घरी थोरला एलियाब समोर येताच त्याची उंची व रूप पाहून हाच राजा होणार, असे त्याला वाटले. परंतु तो तेथे थांबला, एकेक पुत्र पाहत गेला, आणि अखेर मेंढरांमागे असलेल्या दावीदापर्यंत पोहोचला. याउलट ज्याच्याविषयी आपले मत वाईट होते, त्याच्यापासून आपण दूर राहतो. त्याच्याशी बोलत नाही, त्याला घरी बोलावीत नाही. मग ते मत खोटे ठरविणारा पुरावा आपल्यापर्यंत येणार तरी कसा? दार आपणच लावून घेतलेले असते आणि वर आपण म्हणतो की, हा कधी आत आलाच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगितले तर ते खोटे होईल. मी ते स्वतःच्या चुकीतून शिकलो, आणि ती चूक आज आपल्यापुढे मांडण्याचे मी ठरविले आहे.

मुंबईहून येथे आलो तेव्हा मी पंचविशीत होतो. एका कारखान्यात कामाला लागलो. आमचा मुकादम काही सांगे, तेव्हा मी आपल्या रिवाजाप्रमाणे मान डोलावीत असे. आपल्याकडे त्याचा अर्थ, होय, समजले. त्या भल्या माणसाला वाटे की मी प्रत्येक कामाला नकार देत आहे. वरिष्ठ आले की मी उठून उभा राही. त्याला वाटे, हा भित्रा आहे, याला स्वतःचे मत नाही. कित्येक महिने मला किरकोळ कामेच मिळाली. एका वृद्ध इराकी सहकाऱ्याने एके दिवशी माझ्याबरोबर डबा खाता खाता ही मान डोलावण्याची भानगड विचारून घेतली आणि मुकादमाला समजावली. तेव्हा कोठे माझ्या हाती मशीन आले. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. परंतु त्याने शिकवलेला धडा मात्र विसरलो.

वीसएक वर्षांनी मी त्याच कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख झालो. लेथवर तयार झालेले भाग मायक्रोमीटरने मोजायचे आणि मापात नसतील ते बाजूला काढायचे, हे आमचे काम. १९९० नंतरचा तो काळ. सोव्हिएत देशांतून लाखो लोक येथे येत होते. असाच एक तरुण तीन महिन्यांच्या अजमाइशीवर आमच्याकडे आला. पहिल्याच दिवशी वीस मिनिटे उशिरा. मी बोकेर तोव म्हटले, त्याने उत्तर दिले नाही. मी काम समजावून सांगत असता तो खिशात हात घालून उभा होता. मी मनाशी म्हटले, उर्मट आहे, फार दिवस टिकणार नाही.

त्याच आठवड्यात दुसराही एक तरुण लागला. हसतमुख, लाघवी, माझी विचारपूस करणारा. मी दोघांच्याही चुका एका वहीत टिपून ठेवीत असे. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पहिल्याच्या नावावर चुकांची मोठी यादी झाली होती आणि दुसऱ्याच्या नावावर दोनच. वही घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेलो. ते स्वभावाने शांत होते. त्यांनी वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “दोघांचे किती नग तपासले?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे म्हणजे उत्तर होते, पण ते माझ्या तोंडातून निघेना. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे दहा नगांतून एक तपासायचा असतो. दुसऱ्या तरुणाचे मी तसेच तपासले होते. पहिल्याचा मात्र प्रत्येक नग मी स्वतः मोजला होता. मला त्याचा भरवसा नव्हता ना! व्यवस्थापकांनी गोदामात पडलेले दोघांचेही नग काढून सारखेच मोजावयास लावले. मापाबाहेरचे नग दुसऱ्याचे अधिक निघाले.

बंधूंनो, ज्याची तपासणी दहापट होते, त्याच्या चुकाही अधिक सापडणारच. मी वहीत लिहिलेली एकही ओळ खोटी नव्हती. प्रत्येक नोंद खरी होती आणि सारी वही अन्यायाची होती. धातूचा तुकडा मायक्रोमीटरने मोजणारा मी, माणूस मात्र नजरेने मोजत होतो.

तो तरुण आदल्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. त्याच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्याकडून कळले की, त्याला तेव्हा हिब्रू फारसे समजत नसे. पहिल्या दिवशी तो चुकीच्या बसमध्ये बसला होता. खिशात हात का होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कदाचित थंडी वाजत असेल. कदाचित हात थरथरत असतील. मी विचारले नव्हते. पुढे त्याचा पत्ता शोधण्याचा प्रयत्न केला, परंतु तो गाव सोडून गेला होता. योम किप्पूर हा देव आणि मनुष्य यांच्यामधील अपराधांचे क्षालन करतो, परंतु माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून सुटत नाही, अशी मिश्नेची शिकवण आहे. दरवर्षी दारफाळणीच्या सणाला, नईलाच्या वेळी, मला तो तरुण आठवतो.

आता हाच विषय आपल्या समाजाच्या संदर्भात पाहू. बेने इस्राएलांना पहिल्या नजरेच्या निवाड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. शेकडो वर्षे कोकणच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. परंपरा असे सांगते की, दावीद रहाबी तेथे आला तेव्हा या लोकांचा पेहराव, भाषा, रंग, सारेच इतर कोकणी माणसांसारखे होते. हे यहुदी नव्हेत, असे म्हणून तो निघून जाऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने घरातील स्त्रियांना मासे रांधावयास दिले. त्यांत खवले व पर असलेलेही होते आणि नसलेलेही. स्त्रियांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, आणि रहाबीला हवे ते उत्तर मिळाले. ही कथा आपण बालपणापासून अभिमानाने सांगतो. तिच्यातील दुसरी बाजूही पाहावी. रहाबीने नजरेवर निकाल दिला नाही, त्याने स्वयंपाकघरापर्यंत जाण्याची तसदी घेतली.

या देशात आल्यावर आपल्याला प्रत्येक वेळी रहाबी भेटला नाही. १९६१ साली मुख्य रब्बिनेटच्या मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहास अनुमती दिली, परंतु पुढच्याच वर्षी निघालेल्या सूचनांनी आपल्या वधूवरांच्या मातृकुळाचा मागील पिढ्यांपर्यंत शोध घेण्याची अट घातली. शंका धर्मशास्त्राच्या भाषेत मांडली होती. शतकानुशतके रब्बींच्या न्यायासनांपासून दूर राहिलेल्या लोकांत घटस्फोटाचे नियम यथासांग पाळले गेले असतील काय, असा प्रश्न होता. प्रश्न विचारण्यात गैर नाही. परंतु तो एका समाजाचे नाव घेऊन त्या समाजालाच विचारला गेला, आणि निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर शंका घेतली त्याच्यावर पडला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये सत्याग्रहास बसले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांसमान आहेत, असा ठराव केला, आणि त्यानंतर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढण्यात आले.

हे आपण मुलांना सांगतो, आणि सांगितलेच पाहिजे. परंतु एलूल महिना दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचा नाही. आपल्याच इतिहासात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, हे आपण मुलांना किती वेळा सांगतो? ज्यांची आई अन्य जातीची, त्यांची संतती काळी इस्राएल ठरली. एकाच तोरेपुढे उभे राहणाऱ्या त्या माणसांशी सोयरीक नव्हती, एका पंगतीला जेवण नव्हते. मातृकुळाच्या ज्या प्रश्नाने १९६२ साली आपल्या काळजाला घर पडले, तोच प्रश्न आपण आपल्या भावंडांना पिढ्यानपिढ्या विचारीत होतो. आणि आज इथिओपियातून आलेल्या शेजाऱ्याविषयी, मणिपूर-मिझोरमहून आलेल्या बेने मेनाशेच्या तरुणाविषयी, शेवटच्या बाकावर येऊन कोणाशी न बोलता निघून जाणाऱ्या नव्या माणसाविषयी आपण घरी जेवताना काय बोलतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

मग उपाय काय? पहिला ग्रह होऊच नये, असे म्हणणे व्यर्थ आहे. डोळे उघडे असणाऱ्याला तो होणारच. पिर्के आवोतमध्ये येहोशुआ बेन पेराह्या यांची एक प्रसिद्ध शिकवण आहे. गुरू करावा, मित्र जोडावा आणि प्रत्येक माणसाचा न्याय करताना पारडे त्याच्या बाजूने झुकवावे, असा तिचा आशय आहे. मूळ हिब्रू शब्दांचा ‘संपूर्ण माणूस’ असाही अर्थ काही भाष्यकार लावतात. न्याय करायचाच तर सबंध माणसाचा करा, त्याच्या तुकड्याचा नको. यावर कोणी विचारील, मग काय सर्वांवर आंधळा विश्वास टाकायचा? नाही. जो वारंवार फसवतो, त्याच्यापासून सावध राहणे हा ग्रह नव्हे, तो अनुभव आहे. तोरा आपल्याला न्याय करू नका असे सांगत नाही, धर्माने न्याय करा असे सांगते. आणि न्यायासनापुढे पहिला साक्षीदार बोलला की निकाल लागत नाही.

याच देशातील एक उदाहरण देतो. पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे डॅनिएल काहनेमन १९५५ च्या सुमारास आपल्या सैन्यात विशी-एकविशीचे अधिकारी होते. नव्या सैनिकांच्या मुलाखती घेणारे लोक थोडा वेळ गप्पा मारीत आणि हा कसा निघेल याविषयी एक मत बनवीत. ती मते पुढे जवळजवळ निरुपयोगी ठरत. काहनेमन यांनी पद्धत बदलली. सहा गुण ठरविले, प्रत्येक गुणासाठी घडलेल्या गोष्टींविषयी साधे प्रश्न विचारायचे, आणि एका गुणाला अंक दिल्यावाचून दुसऱ्याकडे वळायचे नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्रे बनवता काय, म्हणाले. तेव्हा त्यांनी एक सवलत दिली. सारे अंक देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि मनाला काय वाटते तेही लिहा. नवी पद्धत जुनीपेक्षा सरस ठरली, आणि नवल म्हणजे शेवटी डोळे मिटून दिलेले मतही उपयोगी ठरले. मनाचा कौल वाईट नसतो. मात्र तो आधी नव्हे, शेवटी घ्यावा.

माझ्या त्या वहीतून आणि या उदाहरणातून मी स्वतःसाठी तीन लहान नियम केले आहेत. एक, जी मोजपट्टी आवडत्याला, तीच नावडत्याला. दोन, ज्याच्याविषयी मन कलुषित झाले, त्याला निदान एक प्रश्न विचारायचा. निवाड्याचा नव्हे, विचारपुशीचा. तीन, एखाद्याविषयी दुसऱ्याला सांगताना स्वतःला विचारायचे की हे मी पाहिले आहे, की पहिल्या दिवशीच ठरविले आहे?

आता पुन्हा शिलोला जाऊ. एलीने खडसावल्यावर हन्ना गप्प राहिली नाही. नम्रतेने पण स्पष्टपणे तिने सांगितले की आपण द्राक्षारस घेतलेला नाही, आपले अंतःकरण देवापुढे ओतीत आहोत. आणि एलीने ऐकले. आपल्या पदाला धरून तो बसला नाही. त्याने तिला शांतीने जाण्यास सांगितले आणि तिची मागणी पूर्ण होवो, असा आशीर्वाद दिला. यावरून ताल्मूदमध्ये आपले ज्ञानी नियम काढतात: जो दुसऱ्यावर विनाकारण संशय घेतो, त्याने त्याची समजूत घातली पाहिजे, इतकेच नव्हे तर त्याला आशीर्वाद दिला पाहिजे. एलीला ती संधी त्याच क्षणी मिळाली. त्याने ती दवडली नाही. मी दवडली.

आणखी एक गोष्ट त्याच ज्ञानी जनांनी हन्नाकडून घेतली. तेफिल्ला कशी करावी? ओठ हलवावेत आणि आवाज दुसऱ्याच्या कानी जाऊ नये. म्हणजे ज्या दृश्याला एलीने धुंदी म्हटले, तेच आपल्या अमिदेचे रूप झाले. दिवसातून तीन वेळा आपण सारे तसेच उभे राहतो, जशी ती उभी होती. पहिल्या नजरेला जो दोष दिसला, तो प्रार्थनेचा सर्वोत्तम नमुना होता.

म्हणून नव्याच्या सणाला सिनेगॉगमध्ये शांतता पसरेल आणि आपले ओठ हलू लागतील, तेव्हा अशा एका माणसाचे स्मरण करा, ज्याच्याविषयी आपण पहिल्याच दिवशी निकाल देऊन ठेवला आहे. तो माणूस अजून आपल्या गावात असेल, आपल्याच बाकावर असेल, तर योम किप्पूरपूर्वी त्याच्याकडे जा. तो गाव सोडून जाण्यापूर्वी जा.

परमेश्वर आपणा सर्वांचा न्याय करताना पारडे आपल्या बाजूने झुकवो. शाना तोवा.